दोन कुलपं आणि कुळथाचं पीठ

रविवार, २८ सप्टेंबर २००३, महाड

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा:

भंगारातून उचललेला लेथ. बेड घासून घासून सरळ केला. वर्कशॉपमध्ये यापेक्षा नवे दोन आहेत, पण खरा हाच चालतो.

उमरठच्या वरच्या वाडीतली भातगिरणी, १९८३. रोल तेवढा कोल्हापूरहून ओतून आणला. बांधणी, भात ओतायचा हॉपर, पुल्या, जाळीची बैठक, सगळं माझं. माझं पहिलं पूर्ण यंत्र. अंगावर पितळी पट्टी लावून नाव कोरलं: गंगाधर, महाड.

बायकोसाठी, म्हणजे विनोदिनीसाठी, शेवयांचा साचा. ती म्हणते, फिरवला की गल्ली जागी होते. शेवई मात्र तुटत नाही.

एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी टाक्या, झाकणं, ढवळण्या. त्यांचे इंजिनिअर ड्रॉइंग देतात. मी ते दुरुस्त करून परत देतो, मग काम घेतो.

लेकीचं, वैदेहीचं, घडीचं टेबल. वकिलीची सगळी परीक्षा त्यावर झाली.

इंग्लंडच्या भिंतीत बसेल असा तीन चौकोनी पिनांचा प्लग. मापं पुस्तकातून, पितळ माझ्या कानशीने घासलेलं.

पाच किलोचा पत्र्याचा डबा, झाकणाला रबरी गॅस्केट. वरच्या वाडीच्या ठकूबाईंनी वैदेहीसाठी कुळथाचं पीठ दिलं, ते त्यात भरलं. विमानात कण सांडला नाही असं तिने फोनवर सांगितलं.

माझं शिक्षण नववी. हे शेवटी लिहितो, कारण लोक आधी विचारतात.

ही वही वैदेहीने जाताना दिली. म्हणाली, "अण्णा, मी तिकडे लिहीन, तुम्ही इकडे लिहा." ती लंडनला एलएलएम करायला गेली, विषय आंतरराष्ट्रीय लवाद. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर विचारत होते की हे काय असतं. मी सांगितलं, दोन देशांतल्या दोन कंपन्या भांडल्या तर एकीला दुसरीच्या कोर्टात जायचं नसतं. मग दोघी मिळून एक शहाणा माणूस निवडतात, तिसऱ्याच गावात बसतात, आणि तो सांगेल ते ऐकतात.

"म्हणजे पंच," पोस्टमास्तर म्हणाले. "त्यासाठी लंडन कशाला? पोलादपूरची एसटी होती की."

हसलो. पण शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी तिला निवडलं, पोस्टमास्तरांच्या मुलाला निवडलं नाही. देवाचे, शिष्यवृत्तीवाल्यांचे आणि ठकूबाईंचे आभार.


रविवार, ५ ऑक्टोबर, दसरा

लेथची पूजा केली. सकाळी गोमाजीदादा आपट्याची पानं घेऊन आले. दुपारी सोनबादादा आले. दोघे सख्खे चुलतभाऊ, एकाच वाडीतले, एकाच एसटीने येऊ शकले असते. आले नाहीत, कारण शिमग्यापासून बोलत नाहीत.

ती भातगिरणी या दोघांची. तरुणपणी मुंबईला गोदीत काम करून परत आले, निम्मे निम्मे घालून गिरणी उभी केली. माझं तेव्हा नाव नव्हतं, काम नव्हतं, भाड्याची खोली होती. "तू बनव, बिघडली तर आपण तिघं बघू," असं सोनबादादा म्हणाले होते. गोमाजीदादांनी मुंबईहून पाठीवर मोटर आणली. त्या दोघांनी तेव्हा विश्वास टाकला नसता तर मी आज कुणाच्या तरी गॅरेजमध्ये टायर काढत असतो.

भांडण कोंड्यावरून. भात भरडल्यावर पडणारा कोंडा गिरणीवाल्याचा असतो. सोनबादादा तो आपल्या म्हशींना घालत आले. शिमग्याला गोमाजीदादांनी पोल्ट्रीवाल्याला विकायचं ठरवलं. शब्दाला शब्द लागला. एकाने गिरणीला कुलूप घातलं. दुसऱ्याने त्याच्या शेजारी आपलं कुलूप घातलं. आता दोघं आल्याशिवाय दार उघडत नाही, आणि दोघं एकत्र येत नाहीत. दिवाळीनंतर नवं भात तयार होईल. वाडीतल्या बायकांना पोती घेऊन पोलादपूर गाठावं लागेल.

गोमाजीदादा म्हणाले, "अपना हिसाब क्लियर हाय. तू मशीन बनवलीस, तूच फैसला कर. तू सांगशील ते फायनल."

सोनबादादा दुपारी अगदी तेच म्हणाले, फक्त त्यांच्या बोलीत. "कोर्टात नाय जायचं. तुझ्या तोंडून येईल ते खरं."

मी हो म्हटलं. बाप लेक एकाच धंद्यात.


रविवार, १२ ऑक्टोबर

सायबर कॅफेतून वैदेहीला गिरणीचं भांडण कळवलं होतं, तिची मेल आली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते, वाचायला मला वेळ लागतो. इथे नीट उतरवून ठेवतो.

"अण्णा, काय योग आहे! पहिलं म्हणजे दोघांकडून लेखी घ्या. लवादावर जातोय, निवाडा मान्य, एवढं. लवाद किती, बसण्याची जागा कोणती, भाषा कोणती, हेही त्यात घाला. हसू नका, आमच्याकडे जागेवरून वर्षभर भांडतात.

"वर्गात ब्राझील, नायजेरिया, कोरिया, सगळीकडची मुलं आहेत. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुमच्या गावी कोर्टाशिवाय भांडण कसं मिटतं? मी आजोबांचं सांगितलं, ते पंच म्हणून बसायचे ते. पंच निवाडा होईपर्यंत दोन्ही घरचं पाणी पीत नाही. बाईंनी ते फळ्यावर लिहिलं.

"वाचायला इतकं असतं की मला झेपेल की नाही कळत नाही. ते जाऊ दे."

फळ्यावर लिहिलं! माझे वडील अंगठेबहाद्दर होते. लंडनच्या फळ्यावर त्यांचा नियम. विनोदिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झेपेल की नाही असं म्हणतेय ती." मी म्हटलं, ते सगळे पहिल्या महिन्यात म्हणतात.

संध्याकाळी वाडीत जाऊन करार लिहून घेतला. लवाद एक, गंगाधर, महाड. जागा, गिरणीसमोरचा कट्टा. भाषा मराठी.

"लँग्वेज लिहायला लागते?" गोमाजीदादा म्हणाले. "मग काय आम्ही जर्मनमध्ये भांडणार होतो?"

सही करताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पेन मात्र एकच होतं, माझं.


रविवार, १९ ऑक्टोबर

पहिली बैठक. घरून पाण्याची बाटली नेली. एम-८० गाडीच्या हुकाला अडकवली होती ती सगळ्यांना दिसली, ते बरं झालं. सोनबादादांच्या ठकूबाईंनी ताक आणलं, मी हात जोडले. गोमाजीदादांच्या बनुबाईंनी चहा आणला, हात जोडले. नियम म्हणजे नियम.

दोघांनी आपापलं कुलूप काढलं. चपला बाहेर काढून आत गेलो. शिमग्यापासून बंद, तरी तेलाचा जुना वास होता. रोलवर हात फिरवला. वीस वर्षांत जाळ्या बदलल्या असतील, रोलला कुठे खड्डा नाही.

बाकी अवस्था सांगण्यासारखी नाही. पट्टा चुकीचा, एक माप मोठा, म्हणून पुली खाल्लेली. बेअरिंगला गाडीचं ग्रीस. हॉपरचा एक बोल्ट गायब, त्या जागी खिळा. आणि सगळ्या अंगाला हिरवा ऑइलपेंट! नावाच्या पट्टीवरूनसुद्धा. बोटाने चाचपली तेव्हा अक्षरं लागली.

"हा रंग कोणी दिला?"

"आपण," गोमाजीदादा म्हणाले. "गंजत होती."

"हे ओतीव लोखंड आहे, एवढ्यात गंजत नाही. खिळा कोणी घातला?"

"खिळा पण आपणच. बोल्ट पडला, रात्री भरडायचं होतं. एक खिळ्यासाठी फाशी देतोस काय?"

सोनबादादा गालात हसत होते. त्यांनी निदान तेल वेळच्या वेळी घातलं असणार.

कोंड्याचा विषय निघेपर्यंत सांज झाली. पुढच्या वेळी.

घरी येऊन विनोदिनीला सगळं सांगितलं. पट्टा, ग्रीस, खिळा. तिने ऐकून घेतलं. शाळेत मुलांचं ऐकते तसं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही निवाडा करायला गेला होता की मशीन बघायला?"

वस्तू नीट बघितल्याशिवाय निवाडा कसा करणार? शिक्षिकेला हे कळायला हवं.


रविवार, २६ ऑक्टोबर, पाडवा

वैदेहीचा फोन. आवाज जरा बसलेला, थंडी आहे म्हणाली. निबंध बाईंनी परत दिला, "नीट लिहिलंय, पण यात तू कुठे आहेस?" असा शेरा मारून. मी सांगितलं, शेरा मारला म्हणजे वाचला. माझ्या कामावर इंजिनिअर शेरे मारतात तेव्हा मला बरंच वाटतं.

प्लग कसा चालतो विचारलं. म्हणाली, "तो माझ्या टेबलावरच असतो, अण्णा. रोज डोळ्यांसमोर." टिकणार तो. पितळ जाड घेतलं होतं.

जेवतेस काय विचारल्यावर म्हणाली, "कुळथाची पिठी. रोज." म्हणजे आवडते तिला. विनोदिनी फोन ठेवल्यावर बराच वेळ देवघरात होती.


सोमवार, ३ नोव्हेंबर

काल दुसरी बैठक. बिघडली.

सोनबादादांचं म्हणणं, गिरणी उभी राहिली तेव्हा कोंडा म्हशीला असंच बोलणं झालं होतं. गोमाजीदादांचं म्हणणं, तेव्हा म्हस एक होती, आता चार. "एका म्हशीचं प्रॉमिस केलं होतं, तबेल्याचं नाय." मुद्दा चूक नाही. पण बोलताना त्यांनी गिरणीच्या हॉपरवर थाप मारली आणि खिळा खाली पडला. मी म्हटलं, ज्याला यंत्र सांभाळता येत नाही त्याने वाट्याचं बोलू नये.

गोमाजीदादा उठून उभे राहिले. "तू सोनबाचा माणूस हायस. पयल्या दिवसापासून बघतोय. त्याला काय विचारलंस? मला खिळा, मला रंग, मला ग्रीस. त्याला काय नाय."

"दादा, मी दोन्हीकडचं पाणीसुद्धा घेतलेलं नाही."

"पाणी नाय घेतलंस. बाकीचं काय ते तुला म्हायती."

माझ्या वडिलांना कोणी असं म्हणालं नव्हतं. बाटली उचलली आणि निघालो. वाटेत घाटाच्या वळणावर थांबून पाणी प्यायलो, माझंच.

आज दिवसभर वर्कशॉपमध्ये बसून निवाड्याचा मसुदा लिहिला. भागीदारी मोडावी. गिरणी तिसऱ्या माणसाला विकावी, ज्याला यंत्राची कदर आहे आणि जो तिला नीट ठेवील. पैसे दोघांनी निम्मे घ्यावे. कोणावरच अन्याय नाही. विनोदिनीने विचारलं, "असा तिसरा माणूस कुठे मिळायचा?" मी म्हटलं, मिळेल.

वर्कशॉपच्या मागची पत्र्याची शेड रिकामीच असते, ती या निमित्ताने झाडून घेतली.

मसुदा वैदेहीला टाइप करून पाठवायचा. एका बोटाने, पण पाठवायचा.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मसुदा पाठवला.

पोलादपूरला कामासाठी गेलो होतो. एसटी स्टँडवर वाडीतल्या काशीबाई दोन पोती घेऊन बसलेल्या. कंडक्टर म्हणत होता, "मावशे, भाताचं तिकीट काढ, तुझं फुकट नेतो." सगळे हसले, त्याही हसल्या. मला बघून म्हणाल्या, "गंगाधरभावजी, कुलपं कधी निघायची? माझी कंबर आता निवाडा द्यायला लागली."

मी म्हटलं, लवकर.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

वैदेहीची मेल. जशीच्या तशी.

"अण्णा, तुमचा मसुदा मी उघडला आणि बंद केला. वाचला नाही. वाचण्याआधी दोन प्रश्न विचारते. रागावू नका.

"आमच्याकडे लवाद म्हणून नेमलं की त्या माणसाचं पहिलं काम असतं सांगणं. ज्यावरून दोघांपैकी एकाच्या मनात शंका येऊ शकेल असं काहीही. आपण प्रामाणिक आहोत की नाही हा प्रश्नच नसतो, समोरच्याला शंका येईल का, हा असतो. सगळं सांगून झाल्यावर दोघं म्हणाले की चालेल, तर बसायचं. गेला आठवडा आम्ही फक्त हेच शिकतोय.

"पहिला प्रश्न. तुम्ही त्या घरचं पाणी पीत नाही. पण मी रोज ठकूमावशीचं पीठ खातेय. पाच किलोतलं निम्मं संपलं. गोमाजीकाकांना हे माहीत आहे?

"दुसरा प्रश्न. निकाल काय लिहिलाय ते सोडा. ती गिरणी कोणाकडे जावी असं तुमच्या मनात आहे?

"मी निबंधाचा विषय बदलला. आता मी यात आहे असं बाईंना दिसेल बहुतेक."

पीठ! पीठ तिला मुलगी म्हणून दिलं, भांडण निवाड्याला येण्याआधी दिलं. प्रेमाने दिलेल्या कुळथाला लाच म्हणायचं? लंडनला पाठवून हेच शिकवलं का मी? उत्तर पाठवलं नाही. कॅफेवाल्याने विचारलं, "प्रिंट देऊ?" मी म्हटलं, नको.

दुसरा प्रश्न तर निव्वळ फालतू.


बुधवार, १२ नोव्हेंबर

विनोदिनीला विचारलं, समजा बनुबाईंनी पाच किलो पीठ दिलं असतं आणि सोनबादादांना ते आज कळलं असतं तर?

ती ताटात भात वाढत होती. म्हणाली, "सोनबा म्हणाला असता, म्हणून आमच्या खिळ्याचं येवढं मोठं झालं."

पिठाचं पटलं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायची गरज नाही.


शनिवार, १५ नोव्हेंबर

मागच्या शेडमध्ये गेलो होतो. जमिनीवर खडूने खुणा दिसल्या. मोटरची जागा, रोलचा मध्य, पट्ट्याचं अंतर. खुणा माझ्याच. झाडलं त्या दिवशीच केल्या होत्या, मसुदा लिहिण्याच्या आधी.

उद्या वाडीत जायचं आहे. मसुदा फाडला.


रविवार, १६ नोव्हेंबर

सविस्तर लिहितो.

कट्ट्यावर निम्मी वाडी जमली होती. निवाडा ऐकायला आलेली. बायका मागे उभ्या, काशीबाई पुढे बसलेल्या. मी म्हटलं, "निवाड्याच्या आधी मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या ऐकून कोणाला दुसरा माणूस हवा वाटला तर मी करार परत करतो."

"बोल," गोमाजीदादा म्हणाले. हात बांधलेले.

"वैदेही लंडनला रोज जे पीठ खाते ते ठकूबाईंनी दिलेलं आहे. पाच किलो. तुम्ही निवाड्याला यायच्या आधी दिलं, पण ती अजून खाते आहे."

"कसलं पीठ?"

"कुळथाचं."

गोमाजीदादांनी सोनबादादांकडे पाहिलं. शिमग्यानंतर बहुधा पहिल्यांदा. मग असे हसले की खोकला लागला. "अरे मी समजत होतो ह्यानं तुला काय मोठं चारलंय! कुळीथ! रे सोनबा, लाच द्यायची तर जरा इज्जतीची दे."

"लाच नाय ती," ठकूबाई मागून कडाडल्या. "पोर थंडीत जातेय म्हणून दिलं."

आणि मग बनुबाई. त्यांचा आवाज मी एवढ्या जवळून कधी ऐकला नव्हता. "दिलंस ते दिलंस, पण भाजून तरी दिलंस काय गो नीट? तुझं पीठ कच्चं र्‍हातं. पोरीच्या पोटात मुरडा यायचा लंडनात."

"माझं पीठ कच्चं? मागल्या साली वाटीभर नेलंस ते?"

"नेलं, नि म्हशीला घातलं."

"तुझ्याकडं म्हस हाय कुठं!"

अख्खा कट्टा हसला. काशीबाई तर पदराने डोळे पुसत होत्या. या दोघी आठ महिने एका विहिरीवर पाठ करून पाणी भरत होत्या.

मी थांबलो. हसणं संपायच्या आत दुसरी गोष्ट सांगितली असती तर त्यातच निघून गेली असती. तसं करावंसं वाटलं, पण केलं नाही.

"दुसरी गोष्ट. मी निवाडा लिहिला होता, गिरणी तिसऱ्याला विकावी म्हणून. तो तिसरा मीच. मनात होतं. वर्कशॉपमागे जागा आखून झाली होती. म्हणून मला तुमचा खिळा एवढा मोठा दिसला, गोमाजीदादा. तुम्ही माझी पट्टी रंगवली याचाही राग होता."

कोणी हसलं नाही. सोनबादादा जमिनीकडे बघत बोलले. "ते आम्हाला म्हायती हाय, गंगाधर. तू पयल्या दिशी गिरणीत शिरलास तवा चपला काढल्यास. आम्ही कोण काढत नाय."

मी चपला काढल्या होत्या? बहुतेक काढल्या असतील.

गोमाजीदादांनी बांधलेले हात सोडले. "पट्टीवर रंग पेंटरने मारला. मी सांगितलं नव्हतं. पण तू तोंड असं केलंस, मग मी पण नाय बोललो." मग सोनबादादांकडे वळून, "काय रे? ह्यालाच ठेवायचा का दुसरा बघायचा?"

"दुसरा कुठला आणतोस? लंडनचा?"

"मग बोल गंगाधर. आता सगळं क्लियर झालं."

तोंडी सांगितलं, मग तिथेच कट्ट्यावर लिहिलं. गिरणी दोघांची, होती तशी. कुलूप एक, किल्ल्या दोन. कोंडा पडतो त्या तोंडाला दोन फाटे करावे, मधली पट्टी वेल्ड करून पक्की करावी, म्हणजे कोणालाच ती इकडे तिकडे सरकवता येणार नाही. एका फाट्याखाली सोनबादादांचं पोतं, दुसऱ्याखाली गोमाजीदादांचं. ज्याला म्हशीला घालायचा त्याने घालावा, ज्याला विकायचा त्याने विकावा. म्हशी वाढल्या तर पोतं वाढणार नाही.

मग शेवटचं कलम लिहिलं. फाट्याचं काम गंगाधर, महाड याने करू नये. पोलादपूरच्या वेल्डरकडून करून घ्यावं.

"का रे?" सोनबादादा म्हणाले. "तुझ्याहून चांगला कोण करणार?"

कोणीच नाही. पण लिहिलं ते लिहिलं.

दोघांनी सह्या केल्या. मग ठकूबाईंनी पाण्याचा तांब्या आणला, बनुबाईंनी दुसरा. कोणाचं आधी घ्यायचं? दोन्हीतलं एकाच पेल्यात ओतलं आणि प्यायलो. विहीर तर एकच.


सोमवार, १७ नोव्हेंबर

वैदेहीला एका बोटाने सगळं लिहिलं. दोन तास लागले. शेवटी लिहिलं, तुझ्या प्रश्नाचा राग आला होता, आता गेला. तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना हेही सांग की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चपलांवरून आधीच सगळ्यांना कळलं होतं.


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

गिरणी सुरू. आवाज ओढ्यापलीकडून ऐकू येतो. काशीबाईंनी पहिलं पोतं भरडलं. आत जाऊन बघितलं, या वेळी लक्षात ठेवून चपला घालून. फाटे बसवलेत. वेल्ड तिरकं आहे, डोळ्याला सहज दिसतं, आणि पट्टी मध्यापासून तीन मिलीमीटर सोनबादादांकडे. मापायला मी कॅलिपर खिशातून काढलाही.

परत ठेवला. दोघंही पोत्यात पडणाऱ्या कोंड्याकडे समाधानाने बघत होते.

खिळा गेला, बोल्ट आला. नावाच्या पट्टीवरचा रंग कोणीतरी खरवडून काढला आहे. नाव दिसतं, "महाड"चा "ड" जरा घासला गेला. कोणी केलं विचारलं नाही. गोमाजीदादांच्या नखांत हिरवा रंग होता.


रविवार, १८ जानेवारी २००४

वैदेहीचा फोन. आवाज मोकळा. निबंध बाईंनी वर्गात वाचून दाखवला. अडुसष्ट मिळाले. मी म्हटलं, अडुसष्टच? ती हसली. तिकडे सत्तर म्हणजे डिस्टिंक्शन म्हणे. "अण्णा, निबंधात एक लवाद पाणी पीत नाही, पीठ विसरतो आणि यंत्राच्या पाया पडतो. कोरियाची मुलगी म्हणाली, तिच्या आजोबांसारखा आहे." मी पाया पडलो नव्हतो. चपला काढल्या होत्या. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर म्हटलं.

आता ती दोन दिवसाआड पिठी खाते, बाकी मैत्रिणींबरोबर आळीपाळीने स्वयंपाक. परत येते म्हणून नोव्हेंबरात तिकिटाची चौकशी केली होती, ते आज सांगितलं. विनोदिनीला ते माहीत होतं. मला नव्हतं. फोन ठेवल्यावर विनोदिनी म्हणाली, "तुमच्या त्या मेलमुळे राहिली ती. सोमवारच्या." मी काय लिहिलं होतं त्यात? गिरणीचंच तर लिहिलं होतं.

दुपारी सोनबादादा आणि गोमाजीदादा आले, एकाच एसटीने. दोन डबे आणले. एक ठकूबाईंचं पीठ, एक बनुबाईंचं. दोन्हीवर नावं, पोरीने चाखून कोणाचं बरं ते लिहून कळवायचं, असा निरोप. मी दोन्ही पिठं एकत्र करून पाठवणार आहे. डब्याला नवं गॅस्केट कापलं.

चहा झाला. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि सोनबादादांनी विषय काढला. मुलं मुंबईला, परत यायची नाहीत. वय झालं. निवाडा झाला, भांडण मिटलं, आता यात कोणाचा संशय नाही. तू बनवलीस, तुझ्याकडेच येऊ दे. मागची जागा आखलेली हाय ना?

खुणा अजून आहेत. पुसल्या नाहीत, चालता चालता गेल्या तर जातील म्हणून सोडल्या.

मी त्या दोघांचा फार आभारी आहे. वीस वर्षांपूर्वीही होतो. पण ज्याने निवाडा दिला त्याने त्या वस्तूचा भाव विचारायचा नसतो, निवाड्यानंतरसुद्धा. हे वैदेहीने मला सांगितलेलं नाही. वडिलांनीही नाही. मी म्हटलं, चालेल तोवर तुम्ही चालवा, बिघडली तर आपण तिघं बघू.

भाव त्यांनीच सांगितला होता. चाळीस हजार, मोटरसकट. घेतली नाही.